तेवीस जादा शब्द

२ सप्टेंबर, सोमवार

आज मला नोकरी लागली. हे वाक्य लिहून दोनदा तपासलं. व्याकरण बरोबर आहे, तरी खरं वाटत नाही.

एकोणीस वर्षं छापखान्यात प्रूफं वाचली. छापखाना बंद पडला त्याच महिन्यात हिला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली, आणि मी दोन बॅगा उचलून हिच्या मागोमाग परदेशात आलो. त्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मी कुकर लावायला शिकलो, समोरच्या इमारतीच्या खिडक्या पाठ केल्या आणि इथल्या भाषेतले साठ-सत्तर शब्द गोळा केले, त्यातले निम्मे भाजीच्या दुकानातले. बाकी नुसता खाऊन-पिऊन सुखी.

आज किराणा दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. बालवाडीत इंग्रजी शिकवायला माणूस पाहिजे. वर इथल्या भाषेत, खाली इंग्रजीत, आणि इंग्रजीत तीन चुका. जित्याची खोड. खिशातून पेन काढलं आणि तिथल्या तिथे तिन्ही दुरुस्त केल्या. दुकानदार ओरडला म्हणून कागद काढून घेतला आणि तो कागद हातात घेऊनच बालवाडी गाठली.

तिथल्या मोठ्या बाईंना इंग्रजी बेताचंच येतं. त्यांनी कागद पाहिला, दुरुस्त्या पाहिल्या, मला पाहिलं. शिक्षक आहात का, असं विचारलं. मी म्हटलं, शिक्षकांनी लिहिलेली पुस्तकं एकोणीस वर्षं दुरुस्त केली आहेत. त्यांना काय कळलं देव जाणे, पण उद्यापासून या म्हणाल्या. तीन महिने परीक्षेवर, नोव्हेंबरअखेरपर्यंत. मुलं सोळा, वयं चार ते पाच. अट एकच: वर्गात मास्तरांच्या तोंडून इंग्रजीखेरीज दुसरी भाषा निघता कामा नये.

ही ड्युटीवरून येऊन बूट काढत होती तेव्हा सांगितलं. म्हणाली, "लहान मुलं? आणि तुम्ही?" मी विचारलं, का गं? काही नाही म्हणाली आणि हसायला लागली. एक बूट पायात, एक हातात, आणि हसतेय.

३ सप्टेंबर, मंगळवार

वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. खुर्च्या माझ्या नडगीएवढ्या. हात धुवायची बेसिनं गुडघ्याला लागतात. खेळायचं अंगण खाली, मध्ये चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. भिंतीवर सोळा खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपला कोट सापडतो.

मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिलो आणि म्हटलं, "गुड मॉर्निंग, स्टुडंट्स. काइंडली बी सीटेड." सोळा तोंडं माझ्याकडे बघत राहिली. मग एकीने सूर लावला, दुसऱ्याने उचलला, आणि पाच मिनिटांत अर्धा वर्ग रडत होता.

मदतीला एक साठीच्या आसपासच्या बाई आहेत. त्यांचं नाव मला धड उच्चारता येत नाही, म्हणून वहीपुरत्या त्या मावशी. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. एका पोराला कडेवर मारलं, दुसऱ्याचं नाक पुसलं, आणि माझ्याकडे अशा पाहत होत्या की आता तुम्ही काय ते करा.

शेवटी मी सतरंजीवर फतकल मारली, शेजारची जागा थोपटली, बस रे बाबा, बस, बस म्हटलं, तेव्हा कुठे एकेक जण बसला. मग बॉल दाखवला, ॲपल दाखवलं. घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. दिवसभरात इंग्रजी सोडून एक शब्द तोंडातून काढला नाही, हे मात्र छातीठोकपणे लिहून ठेवतो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

मुलांची नावं जिभेवर बसेपर्यंत मीच बारशी केली आहेत. एक आहे वकील: काहीही दाखवा, आधी आक्षेप. त्याचे वडील जहाजावर असतात. आणि एक मुंगी. एवढीशी. गेल्या वर्षापासून येते, पण शाळेत एक शब्द बोललेली नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, घरी पोपटासारखी बोलते, दारातून आत आली की कुलूप. तिची आई हिच्याच हॉस्पिटलात लाँड्रीत कामाला आहे. मुंगी बेसिनपाशी बसते आणि सगळं बघते.

जिना हा मोठा प्रश्न आहे. उतरताना एकमेकांना ढकलतात. मी पुढे उलटा चालतो, दोन्ही हात पसरून, हळू, हळू करत. अजून कोणी पडलेलं नाही.

संध्याकाळी आक्काला फोन केला. बत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली माझी थोरली बहीण. तिला वाटतं, मी अजून तिच्या वर्गातच आहे. सगळं ऐकून म्हणाली, "नुसते शब्द देऊ नकोस, वाक्यं दे. आणि मध्येच मराठी घुसडू नकोस." मी म्हटलं, आक्का, शप्पथ, एक शब्द नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

एक अडचण आली आहे. मुलांचं 'हॅलो' बिघडलंय. 'हलू' म्हणतात. आणि भलत्याच वेळी. माझ्यासमोर उभं करून म्हणवून घेतलं तर खणखणीत हॅलो. पण जिन्यात पाऊल ठेवलं की सगळी एकमेकांना 'हलू, हलू'. शुक्रवारी वकिलाने काठोकाठ भरलेला पेला नेताना त्या पेल्यालाच 'हलू' म्हटलं. मुलं निर्जीव वस्तूंशी बोलतात हे आक्काने सांगितलं होतं, म्हणून आश्चर्य वाटलं नाही. पण उच्चार सुधारायला हवा. उद्यापासून रोज वीस मिनिटं हॅलो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज वाहनांची चित्रं. कार झाली, ट्रेन झाली. मग मोठं लाल चित्र वर धरलं आणि म्हटलं, बस. सगळा वर्ग खाली बसला. एकाच वेळी, आवाज न करता. मला वाटलं दमली असतील. उठवलं, पुन्हा चित्र दाखवलं. पुन्हा बसली. अशी शिस्त मी छापखान्यात मालक आल्यावरही पाहिली नव्हती.

आणि माया किती लावतात. मी प्रश्न विचारतो, इज धिस ॲन ॲपल? मग मीच सांगतो, येस. तर येसचा 'स' बाहेर पडायच्या आत दोघं-तिघं उठून मला येऊन बिलगतात.

हिला हे सांगत होतो तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एकच टॉवेल तिने तीनदा उलगडून पुन्हा घडी घातला. तिकडे तोंड करून म्हणाली, "मुलांना फार आवडता वाटतं तुम्ही." मी म्हटलं, वाटत असेल.

१ ऑक्टोबर, मंगळवार

भाषांची गंमत पाहा. मावशी मुलांना हात धुवायला नेताना आज म्हणत होत्या, "चला, चला." अगदी आपलंच चला. म्हणजे इथल्या भाषेतही हा शब्द आहे तर! एवढ्या दूर, एवढी वेगळी माणसं, आणि शब्द एकच. कुठल्या काळी कोण कुठून कुठे गेलं असेल? अंगावर काटा आला. टाचणवहीत नोंद करून ठेवली आहे, पुढे-मागे लेख लिहिता येईल.

आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "असं नसतं रे." मी म्हटलं, अगं, या कानांनी ऐकलं. ती म्हणाली, "त्याच कानांची मला काळजी आहे." आक्काला दुसऱ्याने लावलेला शोध कधीच पसंत पडत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मुंगी बोलली!

सावकाश लिहितो, नाहीतर अक्षरं सांडतील. खेळण्यांची मोठी पेटी घेऊन मी जिना उतरत होतो. पेटीमुळे पुढचं काही दिसत नव्हतं. मागून बारीक आवाज आला, "हलू." वळून पाहिलं तर मुंगी. मी पेटी पायरीवर ठेवली आणि म्हटलं, हॅलो, हॅलो! तिच्या कपाळावर आठी पडली. तिने पायरीकडे बोट दाखवलं आणि पुन्हा, जरा जोरात, "हलू." उच्चार चुकीचा, पण आज उच्चाराला कोण विचारतंय? एक वर्ष बंद असलेलं कुलूप उघडलं, तेही इंग्रजीत, आणि माझ्याशी.

मावशींनी खालून पाहिलं. तोंडावर पदर घ्यावा तसा एप्रन घेतला. त्यांचे डोळे भरले होते.

वाटेत शीळ घालत घरी आलो. हिला सगळं साग्रसंगीत सांगितलं, पेटी कशी, पायरी कुठली. ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग, भांडी घासायची आहेत, म्हणून आत गेली. भांडी दोनच होती. नळ मात्र बराच वेळ चालू होता. हल्ली दमते बिचारी.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. पण खाडाखोड न करता लिहितो.

वकिलाचे वडील चार महिन्यांनी जहाजावरून घरी आले आहेत. जहाजावर इंग्रजीतच बोलतात. मुलाने त्यांना मोठ्या अभिमानाने आपलं इंग्रजी म्हणून दाखवलं. त्यांना त्यातलं अर्धं कळेना. त्यांनी दुसऱ्या मुलांच्या घरी फोन केले. सगळीकडे तेच. मग त्यांनी न कळलेल्या शब्दांची यादी केली, डिक्शनऱ्या पालथ्या घातल्या, आणि आज ती यादी घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत बसले होते. मला बोलावलं.

तेवीस शब्द. इंग्रजी अक्षरांत, सुवाच्य, क्रमांक घालून. कागद हातात आला आणि मी सवयीने पेनच काढलं. पहिला शब्द पाहून म्हटलं, हे हॅलो आहे, स्पेलिंग चुकलंय. ते म्हणाले, हॅलो त्याला वेगळं येतं. हे वेगळं. पुढे एक शब्द होता, मी म्हटलं, हे थंब, म्हणजे अंगठा, यात ए नको, यू पाहिजे. ते म्हणाले, "पण हे म्हणताना माझा मुलगा असं करतो." आणि त्यांनी हाताचा पंजा माझ्यासमोर धरला. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. यादीत 'प्युअर' होता. तेवीसांतला हा एकच डिक्शनरीत सापडला होता. पण मुलगा तो जेवताना, पोट भरल्यावर, ताटावर हात आडवा धरून म्हणतो.

सतरावा शब्द लांबलचक होता. अर्थ लागेना म्हणून मी तो तोंडाने वाचायला लागलो. आर. आर बाप. अरे बाप्रे.

अरे बापरे.

मग मी वरपासून सगळी यादी वाचली. हळू. बस. थांब. चला. ये. दे. घे. पुरे. नको. शाब्बास. ऊठ. कागदावर माझाच आवाज होता, क्रमांक घालून. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि स्वतःच्या जिभेवरची एकही ऐकू आली नाही.

मी सांगून टाकलं. हे इंग्रजी नाही, ही माझी भाषा आहे, आणि मी ती बोलतोय हे मला माहीत नव्हतं. वकिलाचे वडील रागावले नाहीत, त्याने जास्त लागलं. त्यांनी फक्त विचारलं, मग आम्ही मुलांना इथे कशासाठी पाठवतो? मोठ्या बाई म्हणाल्या, आठ नोव्हेंबरला पालकांची सभा घेते, तोवर वर्गात फक्त इंग्रजी. या वेळी खरोखर.

२३ ऑक्टोबर, बुधवार

हिला सगळं ठाऊक होतं.

मुंगीची आई लाँड्रीच्या खिडकीत हिला भेटली होती, सप्टेंबरातच. मुलगी घरी मोठं ऐटबाज इंग्रजी बोलते म्हणाली, आणि हिला दोन-चार शब्द ऐकवले. महिना झाला त्याला! मी रोज घरी येऊन हॅलोचं गाऱ्हाणं सांगत होतो आणि ही टॉवेलच्या घड्या घालत होती.

आज सकाळी मी चिडलो. म्हटलं, जगाने हसावं आणि घरच्या माणसाने बघत बसावं? एका शब्दाने तरी सांगायचंस. तिने शांतपणे हातातला कप खाली ठेवला.

"आठ महिने तुम्ही खिडकीत बसून होतात," ती म्हणाली. "मी दारात आले की उठायचात, चहा टाकायचात, आणि परत खिडकीत. मला वाटायचं, माझ्या नोकरीपायी मी या माणसाचं काय करून बसले? आणि एक दिवस तुम्ही शीळ घालत जिना चढून आलात. मी काय सांगायला हवं होतं?"

मी खिडकीत बसतो हे तिला दिसत असेल, हेच मला कधी सुचलं नव्हतं.

बूट घालताना ती म्हणाली, चूक होती तर दुरुस्त करा, एवढंच काम तर येतं तुम्हाला. आणि ड्युटीवर गेली.

३० ऑक्टोबर, बुधवार

सहा दिवस झाले, एकही चूक नाही. प्रत्येक वाक्य मनात जुळवतो, तपासतो, मगच बोलतो. मुलं जिना उतरतात तेव्हा ओठ मिटून पुढे उभा राहतो. प्लीज डिसेंड केअरफुली, असं एकदा म्हटलं. वकील म्हणाला, "हलू?" मी मान हलवली, नाही. तो तिथेच पायरीवर उभा राहिला, आता उतरावं की नाही ते कळेना त्याला.

वर्ग शांत झालाय. मुलं माझ्याकडे पाहून मग मावशींकडे पाहतात. आज मावशींच्या तोंडून 'चला' निघालं आणि त्यांनी पटकन स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. त्यांना मी काहीच शिकवायला गेलो नव्हतो, तरी शिकल्या होत्या.

मुंगी पुन्हा बेसिनपाशी जाऊन बसली आहे. सोमवारपासून एक शब्द नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून टेबलावर कागद पसरलेत आणि मला हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. ही ड्युटीवर, आक्का फोन उचलत नाही. म्हणून वही.

दोन महिन्यांत ठरवून शिकवलेले इंग्रजी शब्द मी मोजले. चित्रं, गाणी, रोजची उजळणी धरून एकसष्ट. त्यातले सगळ्या सोळा मुलांना न चुकता येतात असे किती? नऊ. आणि तेवीस मराठी शब्दांपैकी किती? वर्ग डोळ्यांपुढे आणला, एकेक मूल आठवलं, खुणा केल्या. एकोणीस!

म्हणजे जे कष्टाने शिकवलं ते आलं नाही, आणि जे शिकवतोय हे मला माहीतही नव्हतं ते सगळ्यांना आलं. का? मी खोलीत येरझारा घातल्या. ॲपल म्हणताना माझ्या हातात चित्र होतं. पण 'हळू' म्हणताना पायाखाली पायरी होती. 'पुरे' म्हणताना ताट होतं. 'दे' म्हणताना हात पुढे होता आणि त्या हातावर खरोखर काहीतरी पडायचं होतं. मी ते शब्द शिकवले नाहीत, वापरले. मुलांनी ते कामाला लागतात म्हणून उचलले.

मग इंग्रजीलाही पायरी देता येईल. ताट देता येईल. चित्रं कपाटात टाकायची!

अकरा वाजता आक्काने फोन उचलला. सगळं ऐकवलं. मला वाटलं, आता बोलणी खायची. ती म्हणाली, "बत्तीस वर्षं मी चित्रंच दाखवली रे." आणि मग, कधी नव्हे ते, मला विचारलं, "जिन्यावर काय म्हणणार आता?"

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सभा झाली. पालक मुलांच्याच खुर्च्यांवर बसले होते, गुडघे छातीशी. मी यादी घेऊन उभा राहिलो. मी इंग्रजीत बोलायचं आणि मोठ्या बाईंनी सांगायचं, असं ठरलं होतं. पण माफी तरी त्यांच्या भाषेत मागावी म्हणून तीन वाक्यं घोकून गेलो होतो. दुसरं वाक्य चुकलं. काहीतरी भलतंच म्हणालो असणार, कारण पहिल्या रांगेतल्या बाई खाली मान घालून हसल्या.

मग मी एकेक शब्द वाचला आणि करून दाखवला. हळू: जिना. पुरे: ताट. अरे बापरे: सांडलेला रंग. प्रत्येक शब्दाला कोणी ना कोणी मान डोलवत होतं, हो, हे आमच्या घरी चालतं. मग एकसष्ट आणि नऊ, तेवीस आणि एकोणीस हे आकडे सांगितले. म्हटलं, ठरवून शिकवलं तिथे मी नापास झालो. न ठरवता शिकवलं तिथे मुलं पास झाली. ते कसं झालं ते आता मला कळलंय, आणि तसंच इंग्रजी शिकवायची संधी हवी आहे.

वकिलाचे वडील उठले. त्यांनी विचारलं, "आणि नोव्हेंबरअखेर नऊचे किती होतील?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, माहीत आहे म्हणाला असतात तर मुलाला आजच काढलं असतं.

सगळं गोड झालं असं नाही. दोन घरांनी मुलं काढून घेतली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढली असती. चौदा उरली. मुंगीच्या आईने जाताना मुंगीचा कोट पुन्हा तिच्या खुंटीवर अडकवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवारावर बोट ठेवलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काय दिवस आहेत हे! लिहायला सवड नाही. 'ओपन' आणि 'शट' दाराला धरून शिकवलं, दार एकदाचं बिजागरीतून निघालं. 'पुश' शिकवायला पुस्तकांचं कपाट ढकललं, सगळ्यांनी मिळून, आणि ते खरंच सरकलं. चौदा जण पुश पुश ओरडत होते. मोठ्या बाई धावत वर आल्या, दारात थांबल्या, आणि तशाच परत गेल्या. दार कुठंय, असंही विचारलं नाही.

मधूनच तोंडातून मराठी निसटतंच. निसटलं की आता वकील मला बोट दाखवतो. मी कान पकडतो आणि इंग्रजी शब्द सांगतो. मुलांना हा खेळ फार आवडलाय. मी मुद्दाम चुकतो असा त्यांचा समज आहे. असू दे.

आज रंग कालवताना मुंगीने माझी बाही ओढली आणि बाटलीकडे हात करून म्हणाली, "गिव्ह मी ब्लू." तीन शब्द. मी बाटली दिली. देताना थोडा रंग बाहीवर सांडला. डाग निघणार नाही म्हणे. निघू नये.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मुलं गेल्यावर मावशी थांबल्या. एप्रनला हात पुसत, त्यांच्याच भाषेत, शब्द तोडत, हातवारे करत, मला समजेल अशा बेताने बोलल्या. त्यांची मुलगी लांबच्या देशात असते. नातू सहा वर्षांचा, त्याला फक्त इंग्रजी येतं. दर रविवारी फोनवर दोघं एकमेकांना बघतात, हात हलवतात, आणि मग हात हलवून झाल्यावर काय करायचं हे दोघांनाही कळत नाही. मुलगी कधीपासून बोलावते आहे, पण एवढ्या लांब जाऊन नातवासमोर मुक्यासारखं बसायचं? म्हणून त्या जात नाहीत.

मी म्हटलं, बाई, इंग्रजीचे चांगले क्लास असतात, मी कसला मास्तर. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांसमोर चुकलात आणि दुसऱ्या दिवशी परत कामावर आलात. मला तसलाच मास्तर पाहिजे."

उद्यापासून रोज अर्धा तास. बसायला त्याच नडगीएवढ्या खुर्च्या.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मावशी चौदाही मुलांना भारी आहेत. चूक झाली की टेबलावर चापट मारतात आणि पुन्हा म्हणतात. आज प्रश्नांचे शब्द घेतले: हू, व्हेअर, व्हेन. हे तिन्ही त्यांना एकसारखेच वाटतात. व्हेनसाठी मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्या मांडीवरच ठेवलं. पानं उलटत राहिल्या. व्हेन? फ्रायडे. व्हेन? संडे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज शेवटचा दिवस. वकिलाचे वडील पुढच्या आठवड्यात जहाजावर जाणार, त्याआधी येऊन बसले आणि स्वतः मोजलं. सगळ्या चौदांना न चुकता येणारे शब्द: चौतीस. त्यांनी दोनदा मोजलं. मग चौतीस हा आकडा कागदावर लिहून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला, माझ्याशी हात मिळवला आणि मुलाला घेऊन गेले.

मोठ्या बाईंनी एका वर्षाचं पत्र दिलं. इंग्रजीत, त्यांनी स्वतः लिहिलेलं. चुका होत्या. घडी घालून खिशात ठेवलं.

घरी आलो तर ही ड्युटीवरून लवकर आली होती. पत्र वाचलं. हॉस्पिटलच्या कपड्यांतच भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "झालं बाई." मीही शेजारी बसलो. मग म्हणाली, भूक लागली.

१ डिसेंबर, रविवार

मावशींनी मला आणि हिला घरी बोलावलं होतं, सकाळी, फोनच्या वेळेला. मी जवळ असलो म्हणजे धीर येईल म्हणाल्या. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, टेबलावर फोन उभा करायला साखरेचा डबा. त्यांनी चार वाक्यं पाठ केली होती. केस दोनदा विंचरले.

नातू दिसला. नेहमीसारखा हात हलवला. मावशींनी हात हलवला नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून त्यांनी चारही वाक्यं म्हटली, एका दमात, मध्ये श्वास न घेता. मी तुझी आजी. मला निळा रंग आवडतो. मी मुलांच्या शाळेत काम करते. तू आज काय खाल्लंस?

पोरगा थिजला. आईला हाक मारली, ती धावत आली, तीही थिजली. मग पोरगं सुटलं. काय बोलत होतं ते मलाही अर्धंच कळलं, इतकं भरभर आणि तोंडात दात नसलेलं इंग्रजी. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ही मागे उभी होती, तिने हसू दाबलं.

मग त्याने एकच लहानसा प्रश्न विचारला आणि थांबला. मी सांगायला तोंड उघडलं, पण मावशींनी हात वर करून मला अडवलं. डोळे मिटले. ओठ हलत होते.

"जून," त्या म्हणाल्या. "आय कम जून."

पलीकडे पोरगा खुर्चीवरून उडी मारून कुठेतरी पळाला, त्याची आई त्याच्यामागे, आणि फोनवर नुसती रिकामी खुर्ची राहिली. आतून आरडाओरडा ऐकू येत होता. मावशी त्या खुर्चीकडे बघत होत्या.

मी विचारलं, त्याने काय विचारलं ते कळलं तुम्हाला? त्या म्हणाल्या, व्हेन होतं त्यात. कधी येणार, असंच असणार.

मी म्हटलं, जूनमध्ये जाताय हे बोलला नव्हतात कधी. केव्हा ठरवलंत?

त्यांनी डोळे पुसले.

"आत्ताच ठरलं," म्हणाल्या.